नुरा कुस्तीचा खरा मानकरी

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या कुस्तीच्या जाहिरातींवर शर्ली क्रॅबट्री हे नाव ठळक अक्षरांत छापलं जात होतं. नाव बाईचं, पण माणूस हॅलिफॅक्सचा उंचापुरा, सोनेरी केसांचा गडी. आधी रग्बी खेळलेला, कोळशाच्या खाणीत राबलेला. नावाखाली बिरुद असे : ब्रिटनचा हेवीवेट चॅम्पियन. अडचण एवढीच होती की, आधी ज्याच्याकडे हे बिरुद होतं तो माणूस धडधाकट होता आणि भयंकर संतापलेला होता. त्याचं नाव बर्ट असिराटी. क्रॅबट्रीच्या कुस्त्यांच्या ठिकाणी तो जाऊन उभा राही आणि चारचौघांत त्याला आव्हान देई. क्रॅबट्री तिशीतला, असिराटी पन्नाशी उलटलेला. एकदा भिडून प्रकरण मिटवावं असं क्रॅबट्रीला किंवा त्याच्या प्रमोटरांना कधी वाटलं नाही. असिराटीचा पिच्छा काही सुटेना. १९६६च्या सुमारास क्रॅबट्रीने कुस्तीच सोडली आणि पुढची काही वर्षं तो रिंगणाकडे फिरकला नाही.

आता यातली गंमत पाहा. त्या काळातली ब्रिटनची व्यावसायिक कुस्ती म्हणजे आपण जिला नुरा कुस्ती म्हणतो ती. कोण जिंकणार, कसं जिंकणार, कितव्या फेरीत जिंकणार, हे कपडे बदलायच्या खोलीत ठरलेलं असे. प्रेक्षकांतल्या निम्म्यांना ते कळत होतं आणि उरलेल्यांना कळून घ्यायचं नव्हतं. मग ज्या खेळात निकालच ठरवून लागतो, तिथल्या किताबासाठी एका म्हाताऱ्या पैलवानाने इतकं पेटून का उठावं? आणि त्याच्या आव्हानाने तरुण चॅम्पियनने घर का गाठावं?

याचं उत्तर धंद्याच्या आतल्या व्यवहारात आहे. ठरवून हरायचं कबूल केलेला पैलवान आयत्या वेळी हरलाच नाही तर? रिंगणात पंच असतो, पण त्याच्या हातात काय? हजारो लोकांसमोर खांदे टेकले की टेकले. हा धोका काल्पनिक नव्हता. १९२५ साली फिलाडेल्फियात वेन मन नावाच्या धिप्पाड फुटबॉलपटूला जगज्जेता म्हणून मिरवायचं प्रमोटरांनी ठरवलं होतं. समोर पडायला आणलेला मल्ल होता पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. त्याने विरोधी गोटाशी संधान बांधलं होतं. बिचाऱ्या मनला खरी कुस्ती येत नव्हती. झिबिस्कोने त्याला उचलून आपटलं, चितपट केलं आणि किताब घेऊन तो चालता झाला. तेव्हापासून शहाण्या प्रमोटरांनी एक गोष्ट गाठीला बांधली : कुस्ती खोटी असली तरी पट्टा खऱ्या पैलवानाच्याच कमरेला हवा. चोराला हात लावायची छाती होणार नाही असाच राखणदार हवा.

ब्रिटनच्या हेवीवेट किताबाचा इतिहास मला या एका नियमाचा इतिहास वाटतो. नियम पाळला तोवर किताबाला वजन होतं. पुढे त्याची गरज उरली नाही आणि किताबही हलका झाला.

झिबिस्को हे नाव मराठी वाचकाला गामाच्या गोष्टीतून ठाऊक असेल. ती गोष्ट लंडनचीच. त्या काळी लंडनमध्ये कुस्ती नाटकगृहांत चाले; गाणी, जादूचे प्रयोग आणि मग कुस्ती. एस्टोनियातून आलेल्या जॉर्ज हॅकेनश्मिटने १९०४ साली ऑलिंपिया सभागृहात तुर्की अहमद मद्रालीला अगदी थोडक्यात लोळवलं, तेव्हा बाहेर रस्ते गर्दीने तुंबले होते. त्याच्या मागे चार्ल्स कॉक्रन नावाचा पुढे नाट्यनिर्माता म्हणून गाजलेला माणूस होता. लोकांनी तिकिटाचे पैसे दिलेत, त्यांना जरा वेळ खेळ दाखव, हे हॅकेनश्मिटला त्याने पटवलं. नुरा कुस्तीचं बीज तिथेच पडलं असं म्हणायला हरकत नाही.

१९१० साली आर. बी. बेंजामिन हा प्रमोटर गामा, त्याचा भाऊ इमाम बक्ष आणि इतर मल्लांना घेऊन लंडनला पोचला. गामाने अल्हाम्ब्रा नाटकगृहात अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला दोनदा पाडलं. इमाम बक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमचा निकाल लावला. मग १० सप्टेंबरला शेपर्ड्स बुशच्या स्टेडियममध्ये गामा आणि झिबिस्को. ही कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली आणि त्यातला बहुतेक वेळ झिबिस्को मॅटला चिकटून पालथा पडून होता. आपल्याकडच्या मैदानात असं कुणी केलं असतं तर लोकांनी त्याला गावाबाहेर काढलं असतं. आठवड्याने पुन्हा लढत ठरली, झिबिस्को आलाच नाही, आणि गामाला २५० पौंड व 'जॉन बुल' साप्ताहिकाचा पट्टा मिळाला. जगज्जेतेपदाचा पट्टा एका साप्ताहिकाने द्यावा, हेही पाहण्यासारखं आहे. किताब देणारी कुठलीही सरकारी वा सर्वमान्य संस्था तिथे नव्हती. ज्याच्याकडे पैसा आणि छापखाना, त्याचा पट्टा. इमाम बक्ष पुढे दोन वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात लढला. तिथे निदान किताब कोण देतो याबद्दल शंका नव्हती.

पहिल्या महायुद्धाच्या आधीच लंडनची ही हौस विझली. ती पेटली थेट डिसेंबर १९३० मध्ये, 'ऑल-इन' या नावाने. पुढाकार घेणाऱ्यांत एक होता सर अॅथॉल ओकली; बॅरोनेट, म्हणजे खानदानी उमराव, पण कान कुस्तीने चेचलेले. हाच दशकाच्या पूर्वार्धात ब्रिटनचा हेवीवेट चॅम्पियन म्हणून मिरवत होता. त्याचं आत्मचरित्र मोठं बहारदार आहे आणि त्यातलं सगळं खरं मानायची सक्ती नाही. त्याच काळात याच किताबावर डग्लस क्लार्कचाही दावा होता. कंबरलंडचा हा गडी हडर्सफील्डकडून रग्बी खेळला, १९१४ साली सिडनीच्या गाजलेल्या कसोटीत ब्रिटनकडून उतरला, महायुद्धात विषारी वायूने होरपळला, शौर्यपदक घेऊन परतला आणि पुन्हा खेळायला लागला. चाळिशीत व्यावसायिक कुस्तीत उतरून तो चॅम्पियन म्हणवून घेऊ लागला, तेव्हा त्याच्याशी वाद घालायला फारसं कुणी पुढे आलं नसणार. एकाच वर्षी दोन महाराष्ट्र केसरी पाहिलेल्या आपल्या वाचकाला दोन दावेदारांचं नवल वाटू नये.

ऑल-इनची मात्र पुढे जत्रा झाली. खुर्च्या फेकणं, चिखलातल्या कुस्त्या, पंचाला मारहाण. दशक संपता संपता लंडनच्या कौन्सिलने तिच्यावर बंदी आणली. दुसरं महायुद्ध संपल्यावर धंदा पुन्हा उभा करायचा तर आधी त्याला आंघोळ घालून स्वच्छ कपडे घालणं भाग होतं. १९४७ साली त्यासाठी एक समिती बसली. अध्यक्ष अॅडमिरल लॉर्ड माउंटएव्हान्स, म्हणजे कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतला त्याचा दुय्यम अधिकारी एडवर्ड एव्हान्स. सोबत रेडिओमुळे घरोघरी पोचलेले कमांडर कॅम्पबेल, मजूर पक्षाचे खासदार मॉरिस वेब आणि नॉर्मन मोरेल. पहिले तिघे शोभेचे. चौथा कामाचा, कारण मोरेल हा नावाजलेला हौशी कुस्तीगीर होता आणि तोच पुढे मोठा प्रमोटर झाला. नियम त्याच्या सोयीचे झाले नसते तरच आश्चर्य.

नियम तसे नेटके होते. फेऱ्या ठरलेल्या वेळेच्या. तीनपैकी दोन डाव जिंकायचे. डाव चितपटीने किंवा प्रतिस्पर्ध्याने हार कबूल केल्याने. बेशुद्ध पडला तर तिथेच निकाल. आगळीक केली तर जाहीर ताकीद, तिसऱ्या वेळी बाद. सात वजनगट : ७० किलोपासून साधारण पाच-पाच किलोंच्या पायरीने ९५पर्यंत सहा, आणि त्यावरचे सगळे हेवीवेट. प्रत्येक गटाचा ब्रिटिश चॅम्पियन. पैलवान पडायचं कुणी हे आधी ठरवत असतील, पण हे नियम ते मनापासून पाळत, आणि म्हणून ब्रिटनच्या नुरा कुस्तीला अमेरिकेच्या नुरा कुस्तीपेक्षा एक वेगळा घाट आला. लॉर्ड १९५७ साली वारले. त्यांचं नाव मात्र पुढची तीसेक वर्षं रिंगणातून पुकारलं जात राहिलं.

असिराटी या नव्या व्यवस्थेचा पहिला हेवीवेट मानकरी. तो १९४५पासूनच चॅम्पियन होता. १९०८ साली लंडनच्या इझलिंग्टन भागात जन्मलेला, इटालियन वंशाचा. पोरवयात कसरतीचे खेळ करायचा. उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या वर, वजन १०० किलोंच्या बरंच पुढे, आणि एवढ्या वजनानिशी तो रिंगांवर दोन्ही हात आडवे पसरून क्रूसासारखा तरंगू शकत असे. व्यायामशाळेत घाम गाळलेल्या कुणालाही विचारा, हे काय प्रकरण आहे. पण त्याची कीर्ती वेगळ्याच कारणाने होती : त्याला समोरच्याला दुखवायला आवडे. निकाल ठरला असला तरी त्या निकालापर्यंत पोचताना दुसऱ्याच्या बरगड्यांचं काय होईल ते सांगता येत नसे. त्याच्याकडून पट्टा काढायचा तर फक्त कागदावर काढता येई. १९५२ साली डेल मार्टिन, मोरेल-बेरेसफर्ड, रायटन वगैरे मोठ्या प्रमोटरांनी मिळून जॉइंट प्रमोशन्स ही मक्तेदारी उभारली, पैलवान आणि सभागृहं वाटून घेतली. तिच्या यादीत असिराटीचं नाव राहिलं नाही. अर्नी बाल्डविन चॅम्पियन झाला. असिराटी बाहेरच्या प्रमोटरांकडे आपला पट्टा घेऊन लढत राहिला. या बाहेरच्यांनीही पुढे त्याची दुखापत पाहून बिरुद क्रॅबट्रीला देऊन टाकलं. आरंभीच्या प्रसंगाचं मूळ ते. त्याला रिंगणात कुणी हरवलं असतं तर कदाचित तो गप्प बसला असता.

जॉइंट प्रमोशन्सवाले मक्तेदार होते, मूर्ख नव्हते. असिराटीसारखा राखणदार घालवल्यावर त्यांना दुसरा हवा होता, आणि तो कुठे मिळतो हे त्यांना माहीत होतं.

मँचेस्टरच्या पश्चिमेला विगन हे खाणकामगारांचं गाव. जॉर्ज ऑर्वेलच्या पुस्तकामुळे त्याचं दारिद्र्य जगाला कळलं. त्याची कुस्ती कळायला वेळ लागला. लँकशरची 'कॅच-अॅज-कॅच-कॅन' ही शैली म्हणजे जिथे सापडेल तिथे धर. कमरेखालची पकड चालते, आणि चितपट करायच्या वाटेवर हात, खांदा, घोटा, मान असा काही पिळायचा की पडणं सोयीचं वाटावं. या गावात बिली रायली हे वस्ताद. तरुणपणी त्यांनी दक्षिण आफ्रिकेत जाऊन ब्रिटिश साम्राज्याचा मिडलवेट किताब मिळवलेला. व्हेली भागातल्या पाइक स्ट्रीटला त्यांची तालीम : पत्र्याचं छप्पर, एक मॅट, फारसं दुसरं काही नाही. पुढे तिला 'स्नेक पिट' हे नाव पडलं. माती नव्हती, हलगी नव्हती. पण नव्या पोराने आधी जुन्यांच्या अंगाखाली महिनोन्महिने रगडून घ्यायचं, वस्तादाने डाव एकदम न सांगता थोडा थोडा सोडायचा, आणि तक्रार केली तर दार तिकडे आहे, हा सगळा रिवाज कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला ओळखीचा वाटला असता.

१९४८च्या ऑलिंपिकमध्ये बेल्जियमकडून उतरलेला कार्ल इस्टाझ इथे आला, त्याला वाटलं आपल्याला कुस्ती येते. रायलींच्या पोरांनी त्याचा तो भ्रम घालवला. तो तिथेच राहून शिकला, आणि पुढे कार्ल गॉच या नावाने जपानमध्ये कुस्तीचा देव म्हणून पूजला गेला. जपानी पोरांना तो शेकड्यांनी जोर-बैठका मारायला लावायचा. तिथे बैठकांना आजही 'हिंदू स्क्वॉट' म्हणतात.

या तालमीतला सर्वांत खोल माणूस बॉब रॉबिन्सन. रिंगणातलं नाव बिली जॉइस. १९५८पासून मधले काही खंड सोडले तर १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हेवीवेट किताब बहुतांशी याच्याकडे राहिला. दिसायला तो भारदस्त नव्हता. हेवीवेटच्या जाहिरातीवर त्याचं छायाचित्र पाहून तिकीट काढावं असं कुणाला वाटलं नसतं. तरी त्याच्या हातून पट्टा हिसकावायचा विचार शहाण्या पैलवानाच्या मनाला शिवत नसे. धंद्यातल्या माणसांना त्याचं मोल कळत होतं, आणि किताबाची प्रतिष्ठा प्रेक्षकांपेक्षा याच माणसांच्या नजरेत तयार होते. ज्याच्याकडून हरायला लाज वाटत नाही तो चॅम्पियन.

जॉइसचा शागीर्द दुसरा रॉबिन्सन, बिली. मँचेस्टरच्या मुष्टियोद्ध्यांच्या घरातला. लहानपणी डोळ्याला इजा झाली नसती तर तोही ठोसेच मारत बसला असता. रायलींच्या तालमीत त्याने वर्षानुवर्षं मार खाल्ला आणि १९६७ साली वस्तादाइतक्याच आदराने ज्याच्याकडे तो बघत होता त्या जॉइसकडूनच ब्रिटिश हेवीवेट किताब घेतला. निकाल ठरलेला होता? असणारच. पण गुरूने शिष्याला दिलेला पट्टा आणि प्रमोटरने गिऱ्हाइकाकडे बघून दिलेला पट्टा यांत फरक आहे. १९७० साली रॉबिन्सन देश सोडून गेला, किताबही सोडला. पुढे टोकियोत त्याने जपानच्या लाडक्या अंतोनियो इनोकीशी १९७५ साली तासभर बरोबरीची कुस्ती केली. ती आजही पाहायला मिळते, जरूर पाहा. उतारवयात तो जपानी पोरांना शिकवत राहिला, आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये गाजलेला काझुशी साकुराबा त्याच्याच हाताखालून गेला.

तोवर ब्रिटनमध्ये दुसरीच शक्ती आली होती : टीव्ही. ९ नोव्हेंबर १९५५ला आयटीव्हीने वेस्ट हॅमच्या सार्वजनिक स्नानगृहातून पहिल्यांदा कुस्ती दाखवली. पोहण्याच्या तलावावर फळ्या टाकून सभागृह करायची तिकडे पद्धत. १९६५पासून 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट'मध्ये शनिवारी दुपारी चारला कुस्ती हे ठरूनच गेलं. केंट वॉल्टनचा मऊ आवाज, पुढच्या रांगेत हातातल्या पिशवीने खलनायकाला बडवणाऱ्या आज्ज्या, मिक मॅकमॅनस आणि जॅकी पॅलोचं हाडवैर. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १९६३ साली राणीचा नवरा प्रिन्स फिलिप कुस्त्या बघायला आला. मॅकमॅनस हेवीवेट नव्हता, पॅलोही नव्हता. टीव्हीला किताब नको होता, चेहरे हवे होते. हेवीवेट पट्टा या काळात वेल्सचा ग्विन डेव्हिस आणि यॉर्कशरचा अल्बर्ट वॉल यांच्यात फिरत राहिला. दोघेही दणकट, प्रामाणिक पैलवान. १९७७ साली तो टोनी सेंट क्लेअरकडे गेला. १९५५च्या त्या पहिल्या प्रक्षेपणात माइक मरिनोशी लढलेला फ्रान्सिस सेंट क्लेअर ग्रेगरी हा कॉर्नवॉलच्या देशी कुस्तीचा चॅम्पियन. टोनी त्याचाच मुलगा.

आणि आता शर्ली क्रॅबट्री परत येतो. १९७२मध्ये तो रिंगणात उतरला, आणि १९७५च्या सुमारास त्याचा भाऊ मॅक्स जॉइंट प्रमोशन्सच्या जोडी लावायच्या खुर्चीवर बसला. शर्ली आता चाळिशीपारचा, अवाढव्य पोटाचा. नाव घेतलं 'बिग डॅडी'. बायकोने सोफ्याच्या कापडातून त्याचा पोशाख शिवला. युक्ती साधी होती : सोबत एक चपळ तरुण जोडीदार घ्यायचा, त्याने मार खायचा, मग डॅडीने येऊन पोटाने समोरच्याला उडवायचं. पोरं 'ईझी, ईझी' ओरडायची. जून १९८१ मध्ये वेंब्ली अरीनात त्याने जायंट हेस्टॅक्स या डोंगराएवढ्या माणसाला तीन मिनिटांच्या आत हरवलं. एवढा लोकप्रिय मल्ल ब्रिटनने आधी पाहिला नव्हता. पण माउंटएव्हान्स नियमांखालचा हेवीवेट पट्टा या वैभवाच्या काळात त्याच्या कमरेला कधी दिसला नाही. ज्या बिरुदापायी असिराटीने त्याला पळवून लावलं होतं, त्याची त्याला आता गरजच उरली नव्हती. कुणी त्याला खरोखर आव्हान देईल ही शक्यताही नव्हती, कारण जोड भाऊ लावत होता.

कुस्तीप्रेमी मंडळी बिग डॅडीला सगळा दोष देतात. मी तेवढा कठोर नाही. पोरांना तो आवडत होता आणि सभागृहं भरत होती. पण एका माणसाभोवती धंदा फिरला की तरुण पैलवान मार खायच्या कामाला लागतात आणि शहाणे निघून जातात. विगनजवळच्या गोलबोर्नचे दोघे, डायनामाइट किड आणि डेव्ही बॉय स्मिथ, कॅनडामार्गे अमेरिकेत गेले. १९९२ साली वेंब्लीच्या भरगच्च स्टेडियमवर डेव्ही बॉयने ब्रेट हार्टला हरवून पट्टा जिंकला तो अमेरिकन कंपनीचा. सेंट क्लेअरही जॉइंटचं टीव्हीवरचं घर सोडून लिव्हरपूलकडच्या ब्रायन डिक्सनच्या ऑल स्टार रेसलिंगकडे गेला, आणि किताब सोबत घेऊन गेला. टीव्हीवर कुस्ती एकीकडे, चॅम्पियन दुसरीकडे! ऑगस्ट १९८७मध्ये ग्रेट यार्मथच्या रिंगणात बिग डॅडीच्या शेवटच्या उडीनंतर किंग काँग कर्क उठला नाही. त्याला आधीपासून हृदयविकार होता, चौकशीत डॅडीला दोष दिला गेला नाही. पण त्याचं मन उडालं. १७ डिसेंबर १९८८ला आयटीव्हीने कुस्ती बंद केली.

पुढचं लवकर सांगतो, कारण सांगण्यासारखं कमी आहे. डिक्सनने किताब सभागृहांतून आणि सुट्टीच्या कॅम्पांमधून जिवंत ठेवला. फिट फिनले, रॉबी ब्रुकसाइड यांसारखे चांगले पैलवान त्याचे मानकरी झाले, पण ते बघायला कॅमेरा नव्हता. जानेवारी २०१७मध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूईने ब्लॅकपूलमध्ये स्पर्धा भरवून नवा 'युनायटेड किंग्डम' किताब काढला. १९ वर्षांच्या टायलर बेटने तो जिंकला, मग पीट डन या बर्मिंगहॅमच्या पोराने तो जवळपास दोन वर्षं राखला. दोघांच्या कुस्तीत जुन्या ब्रिटिश शैलीची, मनगट पिळायची आणि त्यातून सुटायची, छान सावली होती. नंतर हा ब्रिटिश किताब दोन वर्षांहून अधिक काळ एका ऑस्ट्रियनाकडे राहिला, आणि सप्टेंबर २०२२मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत ब्रॉन ब्रेकर या अमेरिकन पोराने बेटला हरवल्यावर तो दुसऱ्या पट्ट्यात विलीन करून बंद करण्यात आला.

कागदावर ब्रिटिश हेवीवेट चॅम्पियनांची यादी लांबलचक आहे आणि तिच्यावर अभ्यासक अजून भांडतात. माझ्या हिशेबी ती असिराटीपासून सुरू होते, जॉइसपाशी सर्वांत उंच जाते आणि १९७० साली बिली रॉबिन्सन देश सोडून गेला तिथे संपते. टोनी सेंट क्लेअरचा अपवाद करायला मी तयार आहे. बाकी कुणाचा नाही.